रेसिंगच्या इंजिनात आधी तेल सांभाळा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

‘फॉर्म्युला भारत’ या विद्यार्थ्यांच्या रेसिंग गाड्यांच्या स्पर्धेसाठी गाडी बांधणाऱ्या अभियांत्रिकीच्या मुलांवरचा लेख आपल्या पुरवणीत वाचला. मुलांचे कौतुक झाले याचा आनंद आहे. मात्र रेसिंग कॅमशाफ्ट (इंजिनाचे व्हॉल्व्ह, म्हणजे झडपा, उघडणारा दांडा) आणि त्या मिटवणारी कडक व्हॉल्व्ह स्प्रिंग बसवून ताकद वाढवण्याचा जो बेत त्यात आला आहे, त्याबद्दल लिहिल्यावाचून राहवत नाही. भोसरीत माझे इंजिन हेडचे वर्कशॉप आहे. कोइमतूरची ही स्पर्धा जवळ आली की मुले माझ्याकडे इंजिने घेऊन येतात आणि बहुतेकांची पहिली मागणी हीच असते.

या स्पर्धेचा नियम असा की इंजिन 710 सीसीपर्यंतचे हवे आणि पेट्रोल इंजिनाला लागणारी सगळी हवा 20 मिलिमीटरच्या एकाच भोकातून गेली पाहिजे. त्या भोकातून सेकंदाला जास्तीत जास्त 75 ग्रॅमच्या आसपास हवा जाते. पुढे कितीही ओढा, वाढत नाही. आता 600 सीसीचे चार सिलिंडरचे बाइकचे इंजिन घ्या. 12,000 आरपीएमला (मिनिटाला एवढे फेरे) ते सेकंदाला 60 लिटर, म्हणजे साधारण 72 ग्रॅम हवा मागते. म्हणजे तिथेच हवा संपली. मग 14,000 पर्यंत पळवण्यासाठी कडक स्प्रिंग कशाला? व्हॉल्व्ह कॅमला धरून ठेवायला लागणारा जोर आरपीएमच्या वर्गाने वाढतो. 14,000 ला तो 12,000 च्या तुलनेत 36 टक्के जास्त लागतो. तो सगळा भार कॅमच्या लोबवर (उंचवट्यावर) आणि त्याला टेकलेल्या टॅपेटवर येतो, आणि घर्षणात वाया जाते ती तुमचीच ताकद.

कॅम बदलायचाच असेल तर कमी ओव्हरलॅपचा (हवा आत घेणारे आणि धूर सोडणारे व्हॉल्व्ह एकाच वेळी कमी काळ उघडे ठेवणारा), मधल्या आरपीएमला जोर देणारा घ्यावा, कारण तिथला ट्रॅक वळणावळणाचा असतो. चाकणला बनणारे केटीएमचे 373 सीसीचे एक सिलिंडरचे इंजिन वापरणाऱ्यांनी तर कॅमला हातच लावू नये. 9,000 आरपीएमला त्याची सरासरी गरज 34 ग्रॅमच्या आत आहे. अडचण एवढीच की एकच सिलिंडर असल्यामुळे हवा झटक्याने ओढली जाते. त्यावर उपाय म्हणजे भोकानंतरची हवेची टाकी नीट मापाची करणे. स्प्रिंगचे म्हणाल तर जुन्या बाइकमधून काढलेल्या इंजिनाला कंपनीच्याच नव्या स्प्रिंग घाला आणि बसवलेल्या उंचीला प्रत्येकीचा दाब मोजून घ्या. बहुतेक संघांना एवढे पुरते.

खरा घात होतो तो तेलाने. बाइक वळणात कलते, त्यामुळे जोर चेंबरच्या, म्हणजे इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्याच्या, तळाकडेच राहतो आणि तेल पिकअपपाशी (पंपाच्या तेल ओढणाऱ्या तोंडापाशी) टिकते. तेच इंजिन चारचाकीत घातले की कलणे बंद होते. वळणात तेल एसटीत मांडीवर धरलेल्या पातेल्यातल्या आमटीसारखे एका कडेला चढते. 1 जीच्या (बाजूचा जोर गुरुत्वाकर्षणाएवढा असलेल्या) वळणात त्याची पातळी 45 अंशांनी तिरकी होते, दीड जीला 56 अंशांनी. स्किडपॅडच्या, म्हणजे वर्तुळात गाडी फिरवण्याच्या, फेरीत गाडी सलग एकाच बाजूला फिरत राहते. आतल्या वर्तुळाचा व्यास 15.25 मीटर. तेवढा वेळ पिकअप उघडा पडला तर पंप हवा ओढतो आणि बेअरिंगला तेल मिळत नाही.

मागच्या हंगामात एका संघाचे इंजिन उघडले. हेड नवे कोरे, कॅमवर ओरखडा नाही. बिग एंडच्या शेलचा (कनेक्टिंग रॉड क्रँकला जोडतो तिथल्या बेअरिंगच्या पातळ कवचाचा) वरचा थर मात्र पुसून खालचे तांबे दिसत होते आणि कनेक्टिंग रॉडचे टोक निळे पडले होते. डॅशबोर्डवर तेलाचा दिवा होता, पण क्षणभर दाब पडला तर तो ड्रायव्हरला कळत नाही. 22 किलोमीटरच्या एंड्युरन्सला, म्हणजे लांब पल्ल्याच्या फेरीला, असे इंजिन टिकणार कसे? वर्षभर राबलेल्या पोरांचे चेहरे पाहवत नाहीत हो.

उपाय आवाक्यातला आहे. पिकअपभोवती ॲल्युमिनियमच्या पत्र्याची चौकट वेल्ड करायची आणि तिच्या चारी बाजूंना फक्त आत उघडणाऱ्या झडपा लावायच्या, म्हणजे तेल आत येते, बाहेर जात नाही. जास्त तेल ओतणे हा उपाय नव्हे. क्रँक ते घुसळतो, फेस होतो आणि ते ब्रीदरमधून (इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून) बाहेर येते. त्याबरोबर दाबाचा सेन्सर लावून त्याची नोंद वळणातल्या जीबरोबर ठेवावी. दोन्ही रेषा एकाखाली एक पाहिल्या की कोणत्या वळणात दाब पडतो ते लगेच दिसते.

माझी प्राध्यापकांना आणि मदत देणाऱ्या चाकण-भोसरीच्या कंपन्यांना कळकळीची विनंती आहे. पैसे मंजूर करताना हॉर्सपॉवर विचारण्याआधी चेंबरचे रेखाचित्र आणि दाबाची नोंद मागा. इंजिन देणाऱ्यांनी सोबत एक जास्तीचे चेंबरही द्यावे, म्हणजे मुलांना कापून, जोडून पाहता येईल. माझ्याकडे चेंबर तिरके करून तपासायचा सांगाडा आहे, एका बाजूला ॲक्रिलिकची काच लावलेला. कोणत्याही कॉलेजच्या संघाने दिवाळीआधी आपले चेंबर घेऊन यावे. तपासणीचे पैसे घेणार नाही.

आपला,
एक वर्कशॉपचालक, भोसरी, पुणे