योगोपचाराची पहिली भेट एकट्याची असावी

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

२१ जूनचा आंतरराष्ट्रीय योग दिन जवळ आला की गावोगावच्या मैदानांवर सतरंज्या अंथरल्या जातात आणि ध्वनिवर्धकावरून येणाऱ्या सूचनांवर शेकडो माणसे एकाच वेळी हात वर करतात. २०१५ पासून सुरू झालेली ही प्रथा आता चांगली रुजली आहे, आणि तिच्या निमित्ताने का होईना, अनेकांनी आयुष्यात प्रथमच स्वतःच्या पाठीकडे आणि श्वासाकडे लक्ष दिले, याचा मला मनापासून आनंद आहे. परंतु ज्याला काही जुने दुखणे आहे, ज्याची झोप उडाली आहे किंवा ज्याच्यावर दुःखाचा प्रसंग ओढवला आहे, अशा माणसाला या सामुदायिक सूचना पुरत नाहीत, प्रसंगी त्या अपायही करतात. हे मी अनुभवाने लिहीत आहे.

तीन वर्षांपूर्वी माझे पती अचानक गेले. पुढच्या काही महिन्यांत माझा डावा खांदा असा आखडला की वेणी घालायला हात मागे जाईना. पहाटे तीनच्या सुमारास जाग येई आणि छातीवर दगड ठेवल्यासारखे वाटे. डॉक्टरांनी खांद्याचा एक्स-रे आणि ईसीजी काढून पाहिला. हृदयाची काळजी नव्हती. हलका व्यायाम करा आणि मन रमवा, असे त्यांनी सांगितले. मैत्रिणीच्या आग्रहावरून मी घराजवळच्या एका योगवर्गात जाऊ लागले. वर्गात आम्ही चाळीसेक जण होतो. आठव्या दिवशी सर्वांबरोबर सर्वांगासन, म्हणजे खांद्यांवर भार घेऊन पाय वर नेण्याचे आसन, करताना मानेत कळ आली आणि पुढचे पंधरा दिवस मला गळपट्टा लावून काढावे लागले. माझ्या मानेच्या मणक्यांची झीज झालेली होती. पण शिक्षकांनी ते विचारले नव्हते आणि आपण होऊन सांगायला हवे, हे मलाही सुचले नव्हते. त्यांच्या हेतूविषयी मला शंका नाही. चाळीस जणांना तासाभरात आसने शिकवायची असतील, तर प्रत्येकाची मान कोण पाहणार?

त्यानंतर मी ज्या शिक्षिकेकडे गेले, त्यांनी पहिल्या दिवशी एकही आसन करायला लावले नाही. मी कोणत्या कुशीवर झोपते, पोट साफ होते का, जिना चढताना काय होते, कोणती औषधे चालू आहेत, असे एकेक विचारून त्यांनी वहीत लिहून घेतले. मग माझी परवानगी घेऊन बरगड्यांच्या खालच्या बाजूला तळहात ठेवला आणि शांतपणे म्हणाल्या, ‘ताई, तुम्ही श्वास घेता, पण पूर्ण सोडत नाही.’ त्यांनी भिंतीशी सतरंजीची घडी घातली, पाठीखाली लोड ठेवला, मानेखाली टॉवेलची गुंडाळी दिली आणि चार मोजेपर्यंत श्वास घेऊन सहा मोजेपर्यंत सोडायला सांगितले. पाचव्या की सहाव्या श्वासाला मला रडू फुटले. त्यांनी समजूत घातली नाही की घाईही केली नाही. त्या शेजारी बसून राहिल्या. चाळीस माणसांच्या वर्गात मी ते रडू गिळले असते.

लांब सोडलेल्या श्वासाने हृदयाची गती मंदावते आणि शरीराला विश्रांतीकडे नेणारी चेतासंस्था जागी होते, हे आज शरीरशास्त्रही सांगते. आपल्या परंपरेला हा संबंध ठाऊक होताच. पतंजलींनी योगसूत्रांच्या पहिल्या पादात चित्तविक्षेपाच्या, म्हणजे मन विचलित होण्याच्या, सोबत्यांची नावे सांगितली आहेत : दुःख, दौर्मनस्य, अंगाचा कंप आणि विस्कटलेला श्वासप्रश्वास. मनाची खिन्नता आणि श्वासाची गती एकाच सूत्रात आहेत. माझा खांदा आणि माझा शोक हे दोन वेगळे आजार नव्हेत, हे मला त्या वहीतल्या प्रश्नांमुळे उमगले.

माणूस पाहून साधना ठरवण्याची ही रीत नवी नाही. चेन्नईत योगाचार्य कृष्णमाचार्य आणि त्यांचे पुत्र देशिकाचार यांनी एकेका विद्यार्थ्याला त्याचे वय, प्रकृती आणि व्यवसाय पाहून शिकवले. आपल्या महाराष्ट्रात तर याचा वारसा फार मोठा आहे. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्यात कैवल्यधाम स्थापन करून योगक्रियांचा शरीरावर होणारा परिणाम प्रयोगशाळेत तपासायला सुरुवात केली. पुण्यात बी. के. एस. अय्यंगारांनी खुर्ची, दोर, पट्टा, लोड यांच्या आधाराने आजारी आणि वृद्ध माणसांनाही आसनांचा लाभ मिळवून दिला. त्यांच्या उपचारवर्गात एकाच सभागृहात अनेक रुग्ण असत, पण प्रत्येकाचा क्रम त्याच्या दुखण्याप्रमाणे ठरलेला असे. म्हणजे व्यक्तिगत योगोपचाराला प्रत्येकासाठी स्वतंत्र दालन लागतेच असे नाही. आपल्याकडे कोणीतरी नीट पाहिलेले मात्र असावे लागते.

काचबिंदू असलेल्याने शीर्षासन करणे, हाडे ठिसूळ झालेल्या वृद्धेने जोर लावून पुढे वाकण्याचे पश्चिमोत्तानासन करणे, रक्तदाब आटोक्यात नसताना वेगाने कपालभाती करणे, हे धोके जाणकार शिक्षकांना माहीत असतात. अडचण एवढीच की समोरच्याला काचबिंदू आहे, हे विचारल्याशिवाय कळत नाही.

यात एक सावधगिरीही सांगितली पाहिजे. योगोपचार हा औषधाला पर्याय आहे, असा प्रचार काही ठिकाणी चालतो आणि तो घातक आहे. मला पुढे मानसोपचारतज्ज्ञांकडे जाण्याचा सल्ला दिला तो माझ्या योगशिक्षिकेनेच, आणि वर्षभर गोळ्या व योगसाधना या दोन्ही गोष्टी बरोबरीने चालल्या. बंगळुरूच्या निम्हान्ससारख्या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेतही मानसोपचारांच्या जोडीने योगाचा उपयोग केला जातो.

खासगी शिक्षकाच्या एका तासाचे शुल्क माझ्या निवृत्तिवेतनाला कसेबसे पेलले. धुणीभांडी करून पाठ दुखावलेल्या बाईला ते पेलणार नाही. म्हणून आरोग्य खात्याकडे आणि नगरपालिकांकडे माझी विनंती आहे. आयुष्मान आरोग्य मंदिर या नावाच्या सरकारी आरोग्य केंद्रांत सामुदायिक योगसत्रे घेतली जातात, त्यांत सामील होण्याआधी प्रत्येकाची अर्ध्या तासाची स्वतंत्र भेट ठरवावी. त्या भेटीत जुने आजार, औषधे, झोप आणि मनःस्थिती यांची नोंद व्हावी, कोणती आसने टाळायची हे रुग्णाच्या कार्डावर मराठीत लिहून द्यावे आणि ते कार्ड तेथील डॉक्टरांनीही पाहावे. ज्यांना गरज असेल त्यांना पुढचे काही तास एकट्याने द्यावेत. स्त्रियांसाठी स्त्री शिक्षिका असावी आणि अंगाला हात लावण्यापूर्वी विचारण्याचा दंडक असावा. यासाठी नव्या इमारतीची गरज नाही. एक शांत खोली, एक भिंत, दोन सतरंज्या, एक खुर्ची आणि ऐकून घेणारा प्रशिक्षित माणूस एवढे पुरेल.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका, सातारा