आबा वैमानिक नव्हते

चि. बाळा,
अनेक आशीर्वाद.

आबांच्या फोटोखाली छापायला तू पाठवलेला मजकूर वाचला. छान उतरलाय. आजीने माझ्याकडून दोनदा वाचून घेतला. फक्त पहिलं वाक्य बदलावं लागेल. 'माझे आबा लढाऊ विमानं उडवायचे' असं तू लिहिलंयस. ते विमानं उडवत नव्हते गं. ते हवाई दलात एअरमन होते, म्हणजे अधिकारी नव्हेत. काम एअरफ्रेम फिटरचं, विमानाचा सांगाडा तपासायचा नि दुरुस्त करायचा. सार्जंट म्हणून निवृत्त झाले. शाळेत तू मैत्रिणींना 'आबा पायलट आहेत' सांगायचीस तेव्हा ते हसून सोडून द्यायचे, पण फोटोखाली तसं छापलेलं त्यांना मुळीच चाललं नसतं.

विमान उड्डाणाला द्यायच्या आधी एक नोंदवही भरतात, फॉर्म ७००. सांगाडा, इंजिन, वीज, शस्त्रं, ज्याचं त्याने तपासायचं आणि आपापल्या रकान्यात सही करायची. सगळ्यात शेवटी वैमानिक सही करतो आणि विमान ताब्यात घेतो. आता विचार कर, जालहळ्ळीला प्रशिक्षण घेऊन आलेला, मिसरूड नुकतंच फुटलेला पोरगा सही करतो आणि तेवढ्यावर विसंबून दुसरा कुणीतरी ताशी हजार किलोमीटरने आभाळात जातो. आबांचं अक्षर इतकं गिचमिड, पण सही शेवटपर्यंत स्वच्छ, प्रत्येक अक्षर सुटं. बँकेतला माणूसही कौतुक करायचा.

त्यांच्या हाताखालचं विमान नॅट, एक छोटंसं लढाऊ विमान. मूळ ब्रिटिश बनावटीचं, पण बंगळूरच्या हिंदुस्तान एरोनॉटिक्समध्ये बनायचं. पंखांच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सात मीटरसुद्धा नाही. १९६५ च्या लढाईत त्याने पाकिस्तानची सेबर लढाऊ विमानं पाडली आणि 'सेबर स्लेअर', म्हणजे सेबरचा कर्दनकाळ, असं नाव कमावलं. वर्तमानपत्रांनी त्याचे पोवाडे गायले. आबा मात्र त्याला 'कार्टं' म्हणायचे. एवढ्याशा अंगात सगळं कोंबलेलं, पॅनेल उघडलं की हात जायला जागा नाही, सालटी निघायची. शेपटीकडची नियंत्रणं कटकटीची, तोफा ऐन वेळी अडकायच्या. लोक म्हणतात किती देखणं विमान! ज्यांना ते दुरुस्त करावं लागलं नाही, त्यांना देखणंच वाटणार.

६ सप्टेंबर १९६५ ला पठाणकोटच्या तळावर सेबर विमानांनी हल्ला केला तेव्हा आबा तिथे होते. जमिनीवर उभी असलेली आपली विमानं जळाली. त्याच रात्री पठाणकोट, आदमपूर आणि हलवाऱ्याच्या आसपास पाकिस्तानने छत्रीधारी सैनिक उतरवले. अंधार, ब्लॅकआउट, आणि रायफल फारशी कधी न चालवलेल्या मेकॅनिकांच्या हातात रायफली. यातलं त्यांनी आम्हाला फार थोडं सांगितलं. विमानांबद्दल तर एकदाच बोलले, तेही आजीने खोदून विचारलं म्हणून : "त्यातल्या एकावर सकाळी माझी सही होती." पुढे काही नाही. उठून पाणी प्यायला गेले.

तुला आठवतील ते घरातले आबा, कपाटाच्या दारावर प्रत्येक हत्याराची बाह्यरेषा रंगवून ठेवणारे. पान्हा जागेवर नसला की ती रिकामी आकृती लांबूनच दिसायची. हँगरमध्येही हाच रिवाज. काम संपलं की हत्यारं मोजायची, एक जरी कमी भरलं तरी ते सापडेपर्यंत विमान सोडायचं नाही. कॉकपिटमध्ये राहिलेला एखादा स्क्रू विमान उलटं झालं की कुठे जाऊन अडकेल याचा नेम नसतो, आणि नियंत्रणाची दांडी अडकली तर संपलंच. मी कॉलेजात असताना आजीच्या शिलाई मशीनचा एक बारीक स्क्रू निसटून पडला. पानं वाढलेली. आबा म्हणाले, आधी स्क्रू. आम्ही सगळे जमिनीवर पालथे. आजीने वाढलेली पानं पुन्हा झाकली आणि ती माजघरात जाऊन बसली, रागाने. ते स्वतः टॉर्च जमिनीला टेकवून आडवा उजेड टाकत फरशी फरशी बघत होते. असा उजेड टाकला की बारकीशी वस्तूही लांब सावली पाडते, हे मी त्या दिवशी शिकलो. स्क्रू सापडला तो माझ्या विजारीच्या दुमडीत. तोवर आमटी गार झाली होती. त्यांच्याबरोबर राहणं सोपं नव्हतं, हेही तुला माहीत असायला हवं. आजीला विचार.

१४ डिसेंबरला ते पेपर लवकर मागायचे. १९७१ मध्ये याच तारखेला श्रीनगरच्या तळावर सहा सेबर चालून आली आणि धावपट्टीवर बॉम्ब पडत असताना फ्लाइंग ऑफिसर निर्मलजित सिंग सेखों यांनी नॅट वर नेलं. ते परत आले नाहीत. हवाई दलाला मिळालेलं आजवरचं एकमेव परमवीर चक्र त्यांचं. त्या दिवशी आबा दुसऱ्याच तळावर होते, सेखोंना त्यांनी कधी पाहिलंही नव्हतं. पण दर वर्षी त्यांचा एकच प्रश्न असायचा : "त्याच्या चाकाखालचे चॉक कुणी ओढले असतील रे?" चॉक म्हणजे उभं विमान हलू नये म्हणून चाकांना लावलेले ठोकळे. पेपरात ते नाव कधी आलं नाही. त्यांना शोधायचं होतं ते तेच.

नोव्हेंबर आला की इस्त्रीचा शर्ट, पॉलिश केलेले बूट घालून हयातीचा दाखला द्यायला निघायचे. मी म्हणायचो, अण्णा, आता हे मोबाइलवरून होतं. त्यावर उत्तर, "जिवंत आहे की नाही हे समोर बघून ठरवू दे त्यांना."

तर वाक्य असं कर : 'सार्जंट (निवृत्त), भारतीय हवाई दल, एअरफ्रेम फिटर.' बाकी तुझं सगळं तसंच ठेव, आइस्क्रीमचा प्रसंगसुद्धा. फोटो तू निवडलायस तोच चांगला आहे. छपाईवाला शुक्रवारी मागतोय. आणि येताना आजीचं आधार कार्ड घेऊन ये, मागच्या वेळी तुझ्याच बॅगेत राहिलं. कुटुंब निवृत्तिवेतनाच्या कागदांना लागणार आहे.

तुझा,
बाबा