आधी ट्यूब, मग टीव्ही

संपादक महोदय,

झी आणि सोनी या टीव्ही कंपन्यांचे डिसेंबर २०२१मध्ये ठरलेले लग्न (म्हणजे विलीनीकरण) जानेवारी २०२४मध्ये मोडले, त्यावर आमच्या कट्ट्यावर अजून वाद होतात. भोसरीत पॅकिंगच्या कामात माझी २२ वर्षे गेली. त्यामुळे मला झी ज्यातून आली त्या एस्सेल समूहाच्या वाहिन्यांपेक्षा टूथपेस्टच्या लॅमिनेटेड ट्यूबचेच कौतुक! एस्सेलने त्या बनवल्या, १९८९मध्ये गोराईला एस्सेलवर्ल्ड हे मनोरंजन उद्यान उभारले. झी टीव्ही आला २ ऑक्टोबर १९९२ला. १९९९ची अल्फा मराठी २००५मध्ये झी मराठी झाली. (आमची सौ. आजही ‘अल्फा लाव’ म्हणते.) ट्यूबचा धंदा मात्र २०१९मध्ये ब्लॅकस्टोन या अमेरिकी गुंतवणूक कंपनीकडे गेला. मालिकांच्या बातम्या रोज छापता, त्याबद्दलही सविस्तर छापा की!

– एक निवृत्त पॅकिंग सुपरवायझर, कोथरूड, पुणे