अंगणवाडीची तपासणी आणि काळे पडणारे औषध

महोदय,

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीतल्या मुलांना वर्षातून दोनदा तपासते, शाळेतल्या मुलांना एकदा. दातांचे विकार त्या तपासणीच्या यादीत आहेत. किडलेला दात दिसला की कार्डावर नोंद होते आणि पालकांच्या हाती पुढच्या दवाखान्याची चिठ्ठी पडते. ती घेऊन तालुक्याला जायचे म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडणार, एसटीचे भाडे जाणार, आणि ‘दुधाचेच दात, पडणारच आहेत’ असे म्हणणारे घरात कोणीतरी असतेच. सहा महिन्यांनी पथक पुन्हा येते तेव्हा त्याच दाढेतला खड्डा मोठा झालेला असतो.

पत्र लिहिण्याचे कारण हे सहा महिन्यांचे अंतर. मुलांच्या दातांच्या किडीवर गेल्या काही वर्षांत ज्या औषधाच्या बऱ्याच चाचण्या झाल्या, त्याचे वेळापत्रकही नेमके सहा महिन्यांचेच आहे. औषधाचे नाव सिल्वर डायमाइन फ्लोराइड. जपानमध्ये ते १९७० पासून वापरात आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये ते आवश्यक औषधांच्या यादीत घेतले. त्यातली चांदी खड्ड्यातले जंतू मारते आणि फ्लोराइड मऊ पडलेला दात पुन्हा टणक करते. ना ड्रिल, ना इंजेक्शन.

हाँगकाँगमधल्या बालवाड्यांत ८८८ मुलांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे मुलांचे चार गट पाडले होते : १२ टक्के तीव्रतेचे औषध वर्षातून एकदा, तेच दोनदा, ३८ टक्क्यांचे एकदा आणि तेच दोनदा. ३० महिन्यांनी किती ठिकाणची कीड थांबली, ते अनुक्रमे असे : ५५, ५९, ६७ आणि ७६ टक्के. म्हणजे तीव्रता महत्त्वाची आणि दुसरी फेरीही महत्त्वाची. ज्या मुलांचे दात नीट घासले जात नाहीत, त्यांना दुसऱ्या फेरीचा फायदा जास्त, हे त्या संशोधकांनी मुद्दाम नोंदवले आहे. आपल्याकडे पथक दोनदा येतेच. फक्त येताना हातात औषध नसते.

लावण्याची पद्धत सोपी आहे, पण ढिलाई चालत नाही. आधी मूल निवडायचे. दात आपोआप किंवा रात्री ठणकत असेल, हिरडीवर पुळी असेल, खड्ड्यातून नस उघडी पडली असेल, तर हे औषध त्या दातासाठी नाही. चांदीची ॲलर्जी असेल किंवा तोंड आलेले असेल तरीही नाही. मग ओठांना आणि हिरडीला व्हॅसलीन लावायचे, मुलाच्या छातीवर प्लॅस्टिकचे अस्तर असलेला कागद पसरायचा. खड्ड्यातले अन्न कापसाने पुसून काढायचे, कीड खरवडायची गरज नाही. गाल आणि दाढ यांच्यामध्ये कापसाचा बोळा ठेवून दात कोरडा करायचा. हा कोरडेपणा सर्वांत महत्त्वाचा, कारण लाळ आली की औषध पातळ होऊन वाहून जाते. प्लॅस्टिकच्या वाटीत एक थेंब काढायचा. काच आणि धातू या औषधाने खराब होतात, म्हणून वाटी प्लॅस्टिकचीच हवी. थेंब आधीपासून काढून ठेवायचे नाहीत, उजेडाने आणि हवेने ते बिघडतात. मायक्रोब्रशचे (दातांसाठीच्या बारीक टोकाच्या ब्रशचे) टोक बुडवून वाटीच्या कडेला टिपायचे, फक्त किडलेल्या जागी लावायचे आणि एक मिनिट तरी मुरू द्यायचे. उरलेले कापसाने टिपून घ्यायचे. चव धातूसारखी लागते आणि मूल तोंड वेडेवाकडे करते. वरून फ्लोराइड वार्निशचा (दाताला चिकटून राहणाऱ्या फ्लोराइडच्या लेपाचा) हात दिला तर चव दबते आणि औषधही जागेवर राहते.

एक थेंब साधारण पाच दातांना पुरतो. दहा किलो वजनामागे एका भेटीत एकच थेंब, ही मर्यादा पाळावी. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडकडचे पालक फ्लोराइड म्हटले की दचकतात, आणि त्यांचे दचकणे रास्त आहे, तिथल्या विहिरींनी दात आणि हाडे बिघडवलेली त्यांनी पाहिली आहेत. त्यांना हिशोब मांडून दाखवावा. सुमारे २५ मायक्रोलिटरच्या एका थेंबात फ्लोराइड भरते १.१ मिलिग्रॅमच्या आसपास, तेही सहा महिन्यांतून एकदा, आणि त्यातलेही थोडेच पोटात जाते. दीड मिलिग्रॅम प्रतिलिटर या परवानगीच्या कमाल मर्यादेतले पाणी दिवसाला एक लिटर प्यायले तरी त्याहून जास्त फ्लोराइड रोज पोटात जाते.

आता काळेपणाविषयी, कारण गावात योजना बुडाली तर याच मुद्द्यावर बुडेल. औषध लागले की किडलेला भाग काळा पडतो आणि काळाच राहतो. निरोगी दात काळा पडत नाही. ओठाला किंवा हनुवटीला लागलेला डाग काही दिवसांत आपोआप जातो, गणवेशावरचा जात नाही. पोटॅशियम आयोडाइड वरून लावले तर डाग टळतो असे सांगितले जाते, पण हाँगकाँगमध्ये वृद्धांच्या दातांच्या मुळांवर झालेल्या चाचणीत तो फायदा पुढे टिकला नाही. म्हणून संमतिपत्रावर आधीच्या आणि नंतरच्या दातांचे रंगीत छायाचित्र हवेच. समोरच्या वरच्या चार दातांबाबत आईला वेगळे विचारावे. काही आया मागच्या दाढांना हो म्हणतात आणि पुढच्या दातांना नाही. तो त्यांचा हक्क आहे. न विचारता एका मुलीचे पुढचे दात काळे केले, तर पुढच्या वर्षी त्या अंगणवाडीत तोंड उघडायला कोणी तयार होणार नाही, आणि मग दोष पालकांना देता येणार नाही.

फसते कुठे? पहिले, दोन दाढांच्या मधल्या फटीत. तिथे अन्न अडकते, ब्रश पोहोचत नाही, औषधही नीट पोहोचत नाही. पुढच्या दातांत यश जास्त आणि दाढांत कमी, हे चाचण्यांमध्ये पुन्हा पुन्हा दिसले आहे. दुसरे, एकदा लावून सोडून दिले की थांबलेली कीड पुन्हा सुरू होते. तिसरे, खड्डा भरत नाही. कीड थांबली तरी घास अडकतोच, म्हणून जमेल तेव्हा तो ग्लास आयोनोमर सिमेंटने (दाताला चिकटणाऱ्या फिलिंगच्या सिमेंटने) भरावा. दोन-चार आठवड्यांनी हलक्या हाताने प्रोब (दात तपासण्याची सळई) टेकवून बघावे : जागा काळी, चकचकीत आणि कडक लागली तर कीड थांबली. काळी पण मऊ लागली तर थांबलेली नाही, औषध पुन्हा लावावे. नुसत्या काळ्या रंगावर विश्वास ठेवू नये.

फटीतल्या किडीसाठी दुसरा मार्ग स्कॉटलंडमधून आला आहे. तिथल्या डॉ. नॉर्ना हॉल दुधाच्या दाढेवर स्टीलची तयार टोपी सिमेंटने बसवत. कीड न खरवडता, दाढ न घासता, सुन्न न करता. आत कोंडलेल्या जंतूंना खाऊ मिळत नाही आणि कीड थंडावते. स्कॉटलंडच्याच टेसाइड भागात १३२ मुलांवर हे तपासले गेले. प्रत्येक मुलाच्या एका दाढेवर टोपी बसवली आणि दुसऱ्या दाढेत नेहमीचे फिलिंग केले. पाच वर्षांनी दाढ दुखणे, गळू होणे अशी मोठी अपयशे टोपीच्या गटात ३ टक्के होती, फिलिंगच्या गटात १६.५ टक्के. टोपी बसल्यावर चावा उंच लागतो, तो काही आठवड्यांत जुळतो, हे पालकांना आधी सांगावे लागते. एक्स-रेमध्ये कीड आणि नस यांच्यामध्ये निरोगी दाताचा पट्टा स्पष्ट दिसला तरच टोपी बसवावी, म्हणून हे काम अंगणवाडीत होणारे नाही. ते तालुक्याच्या दवाखान्यातच व्हावे. मग चिठ्ठी फक्त अशा दाढांसाठी द्यावी लागेल आणि दवाखान्यावरचा भारही हलका होईल.

या उत्साहाला लगाम घालणारी चाचणीही सांगितली पाहिजे. ब्रिटनमध्ये तीन ते सात वर्षांच्या, आधीच कीड लागलेल्या ११४४ मुलांची फिक्शन नावाची चाचणी झाली. २०२० मध्ये निकाल आला. एका गटात नेहमीचे फिलिंग, दुसऱ्यात कीड आत कोंडण्याचे उपचार, तिसऱ्यात फक्त प्रतिबंध. सुमारे तीन वर्षांत दुखणे किंवा संसर्ग झालेली मुले अनुक्रमे ४२, ४० आणि ४५ टक्के. तिन्ही गटांत ठोस फरक नाही. म्हणजे खड्डा पडल्यावर काहीही करा, दहातली चार मुले दुखण्याला सामोरी जातात. माझ्या मते याचा अर्थ सुटसुटीत उपचार निरुपयोगी आहेत असा होत नाही. उपचार पाचव्या-सहाव्या वर्षापर्यंत लांबवू नका, असा होतो. अंगणवाडी म्हणूनच महत्त्वाची, तिथे मूल तीन वर्षांचे असताना सापडते.

टूथपेस्टकडेही लहानपणापासूनच लक्ष हवे. आपल्याकडे पेस्टमध्ये फ्लोराइडची कायदेशीर कमाल मर्यादा १००० पीपीएम (दहा लाख भागांत १००० भाग) आहे, आणि कीड रोखण्याचा स्पष्ट परिणाम चाचण्यांमध्ये दिसतो तोही १००० आणि त्यापुढेच. लहान मुलांच्या चित्रविचित्र वेष्टनांतल्या अनेक पेस्टमध्ये फ्लोराइड त्याहून कमी असते, काहींत नसतेच. वेष्टनावरचा आकडा वाचावा. मोठ्यांचीच पेस्ट तीन वर्षांखाली तांदळाच्या दाण्याएवढी आणि त्यापुढे वाटाण्याएवढी द्यावी. ब्रश मोठ्या माणसाने धरावा.

मोठ्यांच्या दातांतही संशोधनाची दिशा कमी खरवडण्याचीच आहे. नसेजवळची मऊ कीड पूर्ण काढायच्या नादात नस उघडी पडते आणि रूट कॅनॉलची वेळ येते. ब्राझीलमधल्या एका चाचणीत खोल कीड लागलेल्या दाढांपैकी काहींत तळाची कीड थोडी आत ठेवून एकाच भेटीत कायमचे फिलिंग केले, काहींत तात्पुरते भरून नंतर पुन्हा उघडले. पाच वर्षांनी पहिल्या गटातले ८० टक्के दात जिवंत होते, दुसऱ्यातले ५६. दुसऱ्या गटाचे सर्वाधिक नुकसान दुसऱ्या भेटीला न आलेल्यांचे झाले. रुग्ण परत येईल या भरवशावर आखलेला उपचार आपल्या खेड्यांत किती टिकेल, हे डॉक्टरांना वेगळे सांगायला नको. उघड्या पडलेल्या मुळांना नवी कीड लागू नये म्हणून आजी-आजोबांनाही सिल्वर डायमाइन फ्लोराइड वर्षातून एकदा लावल्याचा उपयोग होतो, हे हाँगकाँगच्या वृद्धाश्रमांतल्या चाचणीतून पुढे आले आहे.

या संशोधनात त्रुटी आहेतच. औषध काळे पडत असल्याने तपासणाऱ्याला कोणत्या मुलाला काय लावले हे पाहताक्षणी कळते, त्यामुळे निकालात कल येऊ शकतो. ‘कीड थांबली’ हे मोजले जाते, पण ‘मूल रात्री झोपले का, जेवले का’ हे फारच थोड्या ठिकाणी मोजले जाते. आपल्याकडच्या एमडीएस (दंतवैद्यकातील पदव्युत्तर पदवी) प्रबंधांत आणखी एक अडचण असते : अभ्यासक्रम तीन वर्षांचा, त्यात विषयाची मंजुरी, नीतिसमिती आणि नोंदणी होईपर्यंत हाती सहा महिने ते वर्षाचा पाठपुरावा उरतो. किडीसाठी दोन वर्षे तरी हवीत. एका विद्यार्थ्याने सुरू केलेला गट पुढच्या तुकडीने सांभाळावा, मुले तीच ठेवावीत, आणि चाचणी सुरू होण्याआधीच भारतीय चाचणी नोंदवहीत हे लिहून टाकावे. विभागप्रमुखांनी ठरवले तर याला वेगळा पैसा लागत नाही.

पथकात दंतवैद्य नसतो, ही अडचण खरी आहे. पण राज्यात दंत महाविद्यालये आहेत, त्यांच्या सार्वजनिक आरोग्य दंतशास्त्र विभागांची शिबिरे होतात, इंटर्न आहेत. प्रत्येक महाविद्यालयाकडे एक-दोन तालुके देऊन त्यांच्या शिबिरांच्या तारखा पथकाच्या अंगणवाडी भेटींशी जुळवाव्यात. न्यूयॉर्कच्या प्राथमिक शाळांमध्ये झालेल्या मोठ्या चाचणीत औषध लावणाऱ्यांमध्ये परिचारिकाही होत्या, आणि तिथे हे औषध नव्या किडीपासून बचावात सीलंटपेक्षा (दाढेच्या खाचा बुजवणाऱ्या लेपापेक्षा) कमी ठरले नाही. आपल्याकडे परिचारिकांना हे काम द्यायचे तर प्रशिक्षण आणि अधिकार या दोन्हींचा निर्णय शासनाला घ्यावा लागेल. तोपर्यंत इंटर्न आणि त्यांच्यावर देखरेख करणारे शिक्षक हे काम करू शकतात.

आरोग्य विभागाला विनंती एवढीच. तपासणी कार्डावर ‘दात किडलेला : होय / नाही’ यापुढे तीन रकाने वाढवावेत : औषध लावल्याची तारीख, सहा महिन्यांनी जागा कडक की मऊ, आणि मधल्या काळात दात दुखला का. जिल्ह्याच्या अहवालात ‘किती मुले तपासली’ याच्या शेजारी या तीन रकान्यांची बेरीजही छापावी.

– एक बालदंतरोगतज्ज्ञ, नागपूर