मोबाइलच्या आधीही माणसांना डोळे होते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या पुरवणीतला रेडिओलहरींवरचा लेख दोनदा वाचला. दुसऱ्यांदा वाचला तो खरोखरच तसे लिहिले आहे का, याची खात्री करायला. ‘मोबाइल येईपर्यंत या लहरींच्या परिणामांचा कोणी विचारही केला नव्हता’ हे वाक्य तिथेच होते. मग आम्ही एकवीस वर्षे रडारच्या अँटेनासमोरून वाकून जात होतो, ते कोणाला मुजरा करायला?

लेखकमहाशयांच्या माहितीसाठी: अमेरिकी नौदलाने रडारवर काम करणाऱ्यांची तपासणी १९४३ मध्येच केली होती. त्या वेळी काही गंभीर सापडले नाही. पण १९४८ मध्ये मेयो क्लिनिक आणि आयोवा विद्यापीठातल्या प्रयोगांत कुत्र्यांच्या व सशांच्या डोळ्यांतले भिंग मायक्रोवेव्हने, म्हणजे रडारमध्ये वापरतात तसल्याच आखूड रेडिओलहरींनी, गढूळ झालेले दिसले. भिंगात रक्तवाहिन्या नसतात, त्यामुळे तिथली उष्णता वाहून न्यायला कोणी नाही. १९५२ मध्ये मायक्रोवेव्ह जनरेटरवर काम करणाऱ्या एका तंत्रज्ञाच्या दोन्ही डोळ्यांतल्या मोतीबिंदूची नोंद छापून आली. मोबाइल तेव्हा कुठे होता?

आम्हाला हे निबंध माहीत नव्हते. आम्हाला इन्स्ट्रक्टर माहीत होता. पहिल्याच दिवशी त्याने सांगितले, वेव्हगाइडच्या, म्हणजे लहरी वाहून नेणाऱ्या धातूच्या नळीच्या, उघड्या तोंडात डोकावायचे नाही. का, ते सांगितले नाही. आम्ही का ऐकतोय! थंडीतल्या रात्रपाळीला हॉर्नसमोर, म्हणजे त्या नळीच्या टोकाच्या कर्ण्यासमोर, हात धरायचा, ऊब लागली की ट्रान्समीटर चालू आहे असे समजायचे. ‘सेट बंद आहे’ असे कोणीतरी ओरडायचे आणि आम्ही नट घट्ट करायला तोंड आत घालायचो. दोनदा तरी तो बंद नव्हता, हे कपाळ तापल्यावर कळले.

एकोणपन्नासाव्या वर्षी माझ्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. डॉक्टरांनी साखर विचारली, तंबाखू विचारली, उन्हातले काम विचारले. मी म्हटले, रडारवर होतो. ते म्हणाले, ‘म्हणजे नोकरीच ना?’ आणि केसपेपरवर ‘नोकरी’ लिहिले. मी पुन्हा सांगितले, तर पुढच्या पेशंटला हाक मारली. माझा मोतीबिंदू रडारमुळेच झाला असा माझा दावा नाही. वडिलांनाही तो लवकरच झाला होता, आणि त्यांनी रेडिओसुद्धा शेजाऱ्याचा ऐकला. पण माझ्यासारख्या किती जणांच्या कागदावर ‘नोकरी’ लिहिले गेले असेल? अशा कागदांच्या भरवशावर आपले लेखक ‘पुरावा आढळत नाही’ असे ऐटीत लिहितात. विचारलेच नाही तर आढळणार कसा?

आता आकड्यांकडे. लेखात अमेरिकेची आणि सोव्हिएत रशियाची या लहरींची जुनी सुरक्षामर्यादा एकच छापली आहे, दर चौरस सेंटीमीटरला १० मिलिवॉट. अमेरिकेची तेवढी होती. १९५३ मध्ये जैवभौतिकशास्त्रज्ञ हर्मन श्वान यांनी शरीर किती उष्णता बाहेर टाकू शकते या हिशेबाने ती सुचवली आणि १९६६ च्या मानकात ती आली. रशियाने पन्नाशीच्या दशकाच्या अखेरीस ठरवलेली मर्यादा पूर्ण दिवसाच्या कामासाठी १० मायक्रोवॉट होती. म्हणजे हजारपट कडक! सगळा वाद याच फरकाचा. रशियन लोक कामगारांची डोकेदुखी, थकवा, झोप न येणे हेही मोजत होते. अमेरिकी म्हणत, तापमान वाढल्याचे दाखवा. रशियन निबंधांत मोजमापांचा तपशील बरेचदा नसे, ही अमेरिकी तक्रारही खोटी नव्हती. पण दोन बाजू होत्या, हे तरी वाचकाला कळू द्या. आपल्या मुद्रितशोधकांनी एका शब्दात शीतयुद्ध मिटवले, त्यांचे अभिनंदन.

आणि ते चित्र! मनोऱ्याच्या डोक्यावर पिवळ्या-काळ्या तीन पात्यांची खूण. ती क्षकिरण आणि किरणोत्सर्गी पदार्थांसाठी असते, आयनीकरण करणाऱ्या, म्हणजे अणूतून इलेक्ट्रॉन उडवणाऱ्या, किरणांसाठी. रेडिओलहरींची खूण वेगळी आहे. लेखात ‘घाबरू नका’ म्हणायचे आणि वर अणुभट्टीची पाटी लावायची, हा कुठला न्याय?

मिलिवॉटची दुरुस्ती तरी उद्याच्या अंकात छापावी. मागच्या खेपेसारखी राशिभविष्याखाली बारीक टायपात नको. ऑपरेशन होऊनही तो टाइप मला वाचता येत नाही.

आपला,
एक निवृत्त रडार तंत्रज्ञ