आवाहन : वॉर्डातल्या पेशंटसाठी थोडी मदत आणि तुमचे दोन तास हवेत

नमस्कार मंडळी,

सर्दी-फ्लूचा सीझन तोंडावर आलाय, मेडिसिन वॉर्ड आत्ताच भरत आलाय आणि आपल्या स्वयंसेवकांच्या तक्त्यात दुपारच्या रकान्यात एकही नाव नाही. म्हणून घाईघाईत हे लिहायला बसलोय. थोडं लांबेल, पण शेवटपर्यंत वाचा, कारण काय हवंय ते खाली लिहिलंय.

आधी ज्यांनी केलंय त्यांचं सांगतो, ते सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. हॉस्पिटलातल्या पेशंटच्या मदतीसाठी आपलं हे मंडळ सुरू झालं तेव्हा आपल्याकडे दोन जुन्या व्हीलचेअर आणि एक पावतीपुस्तक एवढंच होतं हे जुन्या सभासदांना आठवत असेल. तिथून आज प्रत्येक मजल्यावर व्हीलचेअर आहे, वॉर्डात नेब्युलायझर (मास्कमधून औषधाचा फवारा देणारं मशीन) आहेत, पल्स ऑक्सिमीटर आहेत आणि हे सगळं तुमच्याच वर्गणीतून झालंय. २०२० ला साथ आली तेव्हा तर तुम्ही कमालच केलीत. कुणी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर दिला, कुणी मास्कचे खोके आणून ठेवले आणि नाव सुद्धा सांगितलं नाही, आपली कॉलेजची पोरं रात्री-बेरात्री सिलिंडर उतरवून घ्यायला गेटवर उभी असायची. आपल्या निवृत्त हेडबाईंनी त्या काळात वॉर्डातल्या पेशंटचे निरोप घरच्यांना आणि घरच्यांचे निरोप पेशंटला पोचवायचं काम एकटीने अंगावर घेतलं होतं, वहीत तारीख टाकून प्रत्येक निरोप लिहून ठेवायच्या, ती वही आजही ऑफिसच्या कपाटात आहे. मंडळाचं नाव आज लोक आदराने घेतात ते अशा माणसांमुळे.

आणि आपले वर्कशॉपवाले काका. त्यांचा उल्लेख मी दर वेळी करतो आणि करणारच. वॉर्डातले फाउलर बेड, म्हणजे पायाकडचं हँडल फिरवलं की डोक्याकडची बाजू वर येते ते, त्यातले बरेच जाम होते. हँडल फिरायचंच नाही, नाहीतर फिरायचं आणि बेड तसाच सपाट. मग नातेवाईक पेशंटच्या पाठीखाली चादरींच्या घड्या कोंबायचे, तासाभरात माणूस घसरून खाली यायचा, मान दुमडलेली, हनुवटी छातीला टेकलेली आणि तशाच अवस्थेत त्याला कोणीतरी पाणी पाजत असायचं. काकांनी पान्यांची पिशवी आणि ऑइलचा डबा घेऊन एकेक बेड उलटा करून दुरुस्त केला, झिजलेले स्क्रू स्वतः बदलले, जमिनीवर आडवं पडून. ज्या आजोबांच्या बेडपासून सुरुवात झाली ते बेड वर आल्यावर पहिल्यांदा नीट बसून खिडकीबाहेर बघायला लागले, सिस्टर म्हणाल्या आज यांचा ठसका कमी झाला. नवीन बेड घ्यायची गरजच पडली नाही.

मी हे एवढं लांबण लावून का सांगतोय, तर आत्ता जी मदत मागतोय ती याच जातीची आहे.

पेशंट एका आजारासाठी ॲडमिट होतो आणि दुसराच आजार इथे येऊन लागतो, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. हाड मोडलं म्हणून आलेली आजी, ऑपरेशन चांगलं झालं, घरी सोडायची बोलणी चालू, आणि मधेच ताप, छातीत कफ, न्यूमोनिया. ॲडमिट झाल्यापासून ४८ तास उलटल्यावर असा न्यूमोनिया झाला तर डॉक्टर तो हॉस्पिटलमध्ये लागलेला धरतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ च्या अहवालात सांगितलंय की हॉस्पिटलात भरती झालेल्या दर १०० पेशंटमागे श्रीमंत देशांत ७ जणांना आणि मध्यम व कमी उत्पन्नाच्या देशांत १५ जणांना तिथे राहताना कुठला ना कुठला संसर्ग होतो. आणि त्याच अहवालात हे पण आहे की हातांची स्वच्छता आणि बाकीची काळजी नीट घेतली तर यातले ७० टक्के संसर्ग टाळता येतात. सत्तर टक्के! मग आपण हातावर हात धरून बसायचं का?

न्यूमोनिया म्हटलं की सगळ्यांना वाटतं शेजारच्या बेडवरचा खोकला आणि तेवढंच. तो असतोच, पण पडून असलेल्या माणसाला बऱ्याचदा स्वतःच्या तोंडातलेच जंतू नडतात. दात दोन-तीन दिवस घासले नाहीत की त्यावर थर बसतो, त्यात जंतू वाढतात, आणि आडवं पडून गिळताना किंवा झोपेत ती लाळ थोडी थोडी श्वासनळीत उतरते. पॅरालिसिसचा झटका आलेल्या बऱ्याच जणांचं तर गिळणंच बिघडलेलं असतं, काहींना ठसका सुद्धा येत नाही आणि पाणी फुप्फुसात जातं, म्हणून त्यांची गिळण्याची तपासणी झाल्याशिवाय तोंडाने काही द्यायचं नसतं. आणि उपाय काय तर ब्रश. २०२३ च्या अखेरीस १५ चाचण्यांचे निकाल एकत्र करून एक अभ्यास छापून आला, त्यात रोज दात घासून दिलेल्या पेशंटमध्ये हॉस्पिटलातला न्यूमोनिया सुमारे एक तृतीयांशाने कमी दिसला, सगळ्यात जास्त फायदा व्हेंटिलेटरवरच्यांना. दिवसातून दोनदा घासलं तरी पुरतं, तीनदा घासून जास्त फरक दिसला नाही. एवढी साधी गोष्ट, पण वॉर्डात रात्री दोनच सिस्टर, एका मावशींवर सगळा मजला, त्यांनी औषधं द्यायची, सलाईन बघायची की प्रत्येकाचे दात घासायचे? त्यांना दोष देऊन चालणार नाही, त्या दमतात.

जाता जाता, काही जणांनी प्रेमाने क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशक माउथवॉशचे खोके पाठवलेत, मनापासून आभार, पण आता ते पाठवू नका. अमेरिकेतल्या संसर्गतज्ज्ञांच्या संघटनांनी २०२२ च्या मार्गदर्शनात व्हेंटिलेटरवरच्या पेशंटला ते वापरू नये, साधा ब्रशच फिरवावा असं म्हटलंय. त्याऐवजी मऊ ब्रश द्या, लहान डोक्याचे. आणि कवळी ठेवायला झाकणाचे डबे. कवळ्या कागदात गुंडाळून उशीखाली ठेवलेल्या असतात, मग सकाळी चादरीबरोबर लॉन्ड्रीत जातात आणि तो माणूस घरी जाईपर्यंत नीट चावू शकत नाही.

बाकीची कामं पण अशीच आहेत. डोकं ३० ते ४५ अंश वर ठेवणं, डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर. जेवताना सरळ बसवणं आणि जेवण झाल्यावर अर्धा तास तरी आडवं न करणं. ज्याला परवानगी आहे त्याला हाताला धरून खुर्चीत बसवणं, दाराशी चालवत नेणं, कारण पडून राहिलं की फुप्फुसाचा खालचा भाग नीट फुलत नाही आणि कफ तिथेच साठतो. पोटाचं ऑपरेशन झालेला माणूस टाके दुखतात म्हणून खोकायलाच घाबरतो, त्याला पोटाशी उशी घट्ट धरून खोकायला शिकवलं की जमतं, आपल्या एका ताईंनी एका तरुण पेशंटला हे शिकवलं तर त्याने पुढे शेजारच्या बेडवाल्याला शिकवलं. तीन छोट्या चेंडूंचं ते श्वासाच्या व्यायामाचं यंत्र बऱ्याच जणांच्या टेबलावर पडून असतं, आणि निम्मे लोक त्यात फुंकर मारतात, अहो ते आत ओढायचं असतं! कुणीतरी शेजारी उभं राहून दाखवलं पाहिजे, बस.

आता थोडं मनातलं बोलतो. मागच्या वेळी असंच आवाहन टाकलं होतं. ग्रुपवर अंगठे आले, हात जोडलेले आले, ‘छान उपक्रम’ आलं, आणि मीटिंगला खुर्च्या रिकाम्या. मशीन द्यायचं असेल तर लोक आपणहून विचारतात, त्यावर नाव घालता येतं, फोटो निघतो, आणि त्यात गैर काही नाही, त्या मशीनवर माणसं जगलीत. पण त्याच नेब्युलायझरचे मास्क संपले, ऑक्सिजन ओलसर करणाऱ्या बाटलीसाठी (ह्युमिडिफायर) स्टराइल म्हणजे निर्जंतुक पाणी संपलं की मी दारोदार मागतो आणि ‘बघू’, ‘पुढच्या महिन्यात’ ऐकून परत येतो. एक मास्क दोघांना वापरला तर आपण दिलेलं मशीनच एकाचा संसर्ग दुसऱ्याला पोचवेल हो. प्रत्येकाला वेगळा मास्क, वापरल्यावर मशीनचा औषधाचा कप धुऊन स्टराइल पाण्याने खळबळून कोरडा करणं, ह्युमिडिफायरच्या बाटलीत जुन्या पाण्यावर नवीन न ओतणं, हे झालं नाही तर देणगी वाया. रागावून लिहीत नाहीये, पण लागलं मनाला, खोटं कशाला सांगू. एवढी वर्षं तुम्ही पाठीशी उभे राहिलात म्हणूनच अपेक्षा आहे, परक्याकडे कोण रुसतं?

अजून एक काम अडलंय ते खिडक्यांचं. जुन्या वॉर्डाच्या मोठ्या खिडक्या रंगाच्या थरांनी चिकटल्यात, काही तर कायमच्या खिळे मारून बंद. २००७ मध्ये पेरूतल्या लिमा शहरातल्या हॉस्पिटलांत मोजून बघितलं होतं, खिडक्या-दारं उघडी ठेवली की खोलीतली हवा तासाला साधारण २८ वेळा बदलली, आणि संसर्गाच्या पेशंटसाठी यंत्राने हवा खेळवतात तिथे तासाला १२ वेळाचा हिशोब धरतात. त्यात उंच छताच्या, मोठ्या खिडक्यांच्या जुन्या इमारती नव्यांपेक्षा सरस निघाल्या. म्हणजे आपल्या ज्या वॉर्डाला सगळे जुनाट म्हणून नावं ठेवतात तोच चांगला ठरू शकतो, फक्त खिडक्या उघडल्या पाहिजेत आणि त्यांना जाळ्या बसल्या पाहिजेत. हॉस्पिटलने लेखी परवानगी दिलीय, काका मार्गदर्शन करायला तयार आहेत पण त्यांचे गुडघे आता साथ देत नाहीत, तरुण हात हवेत.

तर काय हवंय ते भराभर लिहितो. वस्तू : मऊ ब्रश, पेस्टच्या छोट्या ट्यूब, कवळीचे डबे, नेब्युलायझर मास्क (मोठ्यांचे आणि लहान मुलांचे दोन्ही), स्टराइल पाण्याच्या सीलबंद बाटल्या, सर्जिकल मास्क, आणि बेडला अडकवायच्या सॅनिटायझरच्या बाटल्या, अल्कोहोल ६० टक्क्यांच्या वर असलेलंच, सुगंधी वगैरे नको. उघडलेलं पाकीट किंवा तारीख उलटलेली वस्तू घेता येणार नाही, राग मानू नका. रोख द्यायचं तर कितीही चालेल, पावती तिथल्या तिथे मिळेल, ‘खिडक्या’ की ‘वॉर्डातलं सामान’ ते सांगा म्हणजे त्याच खात्यात टाकू, हिशोब दर महिन्याला बोर्डावर लागतो तसा लागेल.

माणसं : आठवड्यातून एकदा, दोन तास. सकाळचा गट (दात घासणं, बसवणं), दुपारचा (जेवताना सोबत, श्वासाचा व्यायाम), संध्याकाळचा (चालवणं, सॅनिटायझर भरणं). वैद्यकीय शिक्षण लागत नाही, सिस्टर एक दिवस शिकवतील, आणि त्यांनी सांगितल्याशिवाय कुणाला उठवायचं नाही, भरवायचं नाही, पाणी सुद्धा द्यायचं नाही. बेशुद्ध आणि नळी असलेल्या पेशंटना आपण हात लावायचा नाही, ते काम सिस्टरांचंच. आत जाताना आणि प्रत्येक पेशंटनंतर हात २० ते ३० सेकंद सॅनिटायझरने चोळायचे, हात मळलेले दिसत असतील तर साबण-पाण्याने ४० ते ६० सेकंद. सर्दी, ताप, खोकला असेल तर येऊ नका, एक निरोप टाका, कोणी नाव ठेवणार नाही. फ्लू लक्षणं दिसायच्या आदल्या दिवशीपासून पसरू शकतो म्हणून सीझनभर मास्क सगळ्यांनीच. फ्लूची लस घेणार असाल तर आत्ताच घ्या, असर यायला साधारण दोन आठवडे जातात. ज्यांना स्वतःलाच दम्याचा किंवा प्रतिकारशक्तीचा त्रास आहे त्यांनी वॉर्डात न येता ऑफिसात पाकिटं बांधायला या, ते कामही भरपूर पडलंय.

नावं ऑफिसात दुपारी ४ ते ६ मध्ये द्या, रविवार सोडून, नाहीतर ग्रुपवर ‘नाव + वार + गट’ एवढंच टाका, मी वहीत चढवतो. सामान मागच्या गेटने आणा, पुढे ॲम्ब्युलन्सला अडचण होते. सिस्टरांनी शिकवणीसाठी येता शनिवार दिलाय, पुढची तारीख मिळायला वेळ लागेल, त्यामुळे शुक्रवारपर्यंत नाव आलं तरच त्या बॅचमध्ये घेता येईल. आणि शक्य असेल तर दुपारचा गट निवडा, तिथे आत्ता कोणीच नाही.

आपला,
सेक्रेटरी
(मंडळाच्या वतीने)