पहिला बर्फ आमच्या डोंगरावर

श्रूजबरी, मॅसॅच्युसेट्स
८ डिसेंबर

प्रिय मित्रा,

तुझा फोन झाल्यापासून मनात तेच घोळतंय, म्हणून सविस्तर लिहायला बसलो. पोरांना पहिल्यांदा स्कीइंगला न्यायचं आणि तेही थेट व्हरमाँटमधल्या मोठ्या रिसॉर्टवर, तीन दिवसांचं बुकिंग करून, असा तुझा बेत आहे. माझं ऐकशील तर तो बेत पुढच्या वर्षावर टाक आणि जानेवारीत आमच्याकडे ये. एडिसनहून साधारण चार तास लागतात. घरापासून अर्ध्या-पाऊण तासावर वाचुसेट नावाचा डोंगर आहे. पोरांचा, वहिनींचा आणि तुझाही श्रीगणेशा तिथेच होऊ दे.

डोंगर लहान आहे, हे आधीच सांगतो. माथा समुद्रसपाटीपासून २,००६ फूट, म्हणजे जवळजवळ आपल्या पर्वतीच्या माथ्याइतकाच. वरून खालपर्यंत उतार फक्त १,००० फुटांचा. व्हरमाँटमधल्या किलिंग्टनचा याच्या तिप्पट आहे. पण शिकणाऱ्याला ते तीन हजार फूट काय कामाचे? पहिले दोन दिवस तो पायथ्याच्या बनी स्लोपवरच, म्हणजे नवशिक्यांच्या सौम्य उतारावरच, असतो आणि तिकिटाचे पैसे मात्र अख्ख्या डोंगराचे भरतो. शिवाय मोठ्या डोंगरावर कुटुंब विखुरतं. एक जण या लिफ्टला (म्हणजे डोंगरावर नेणाऱ्या पाळण्याला), दुसरा त्या शिखरावर, आणि दिवसभर फोनवर ‘कुठे आहेस?’ चालू. वाचुसेटवर बहुतेक सगळ्या वाटा फिरून एकाच लॉजपाशी येतात. माझी मुलगी निळ्या चौकोनाच्या मध्यम वाटेवरून येते, मुलगा स्नोबोर्ड घेऊन वेगळ्याच बाजूने, ही हिरव्या वर्तुळाच्या सोप्या वाटेने सावकाश. आणि खाली आम्ही सगळे पुन्हा एकत्र. (पत्त्यांतल्या चौकटसारखा काळा आकार दिसला की ती वाट पट्टीच्यांची, एवढं पोरांना घरूनच सांगून आण.)

स्की की स्नोबोर्ड, हे तू विचारलंस. तुझ्या धाकटीला डोळे झाकून स्की दे. स्की म्हणजे प्रत्येक पायाला वेगळी फळी, त्यामुळे दोन्ही पाय मोकळे असतात, तोंड पुढे असतं, आणि पुढची टोकं जवळ आणून मागचे भाग फाकवले की वेग मरतो. इथले शिक्षक त्याला ‘पिझ्झा’ म्हणतात आणि चार वर्षांच्या पोरालाही ते लगेच कळतं. थोरल्याला बोर्डच हवा असेल तर अडवू नकोस, पण त्याला आधी नीट समजावून सांग. बोर्डवर दोन्ही पाय एकाच फळीला बांधलेले असतात आणि अंग आडवं ठेवून उतरायचं असतं. पहिला दिवस जवळजवळ बसण्यात आणि उठण्यात जातो. मार बसतो तो माकडहाडाला आणि मनगटांना, म्हणून रिस्ट गार्ड घालायला लाव आणि पडताना हात टेकायचे नाहीत हे दहादा सांग. कसब आहे ते बोर्डच्या कडांचं. टाचेकडची कड आणि चवड्याकडची कड, एकीवरून दुसरीवर वजन कसं न्यायचं हे ज्या क्षणी अंगात भिनतं, त्या क्षणापासून पोरगं खाली यायला तयार होत नाही. स्कीचं उलट आहे: सुरुवात सोपी, पण दोन्ही पाय समांतर ठेवून सफाईने वळायला कित्येक हिवाळे लागतात.

आणि लेसन घ्याच. तू स्वतः शिकवायला जाऊ नकोस. बापाच्या ओरडण्याने कुणी शिकत नाही, आणि त्या लाल-निळ्या जॅकेटमधल्या शिक्षकांचा धीर बघून मला दर वेळी भरून येतं.

आता बर्फाविषयी. तुला वाटत असेल की बर्फ आभाळातून पडतो आणि आपण घसरतो. इथे जानेवारीतही पाऊस पडतो, दुसऱ्या दिवशी कडाक्याची थंडी, की सगळं काचेसारखं टणक. बर्फ बनवला नाही तर आमच्यासारखे डोंगर जगूच शकणार नाहीत. १९५० च्या सुमारास शेजारच्या कनेटिकटमध्ये, मोहॉक माउंटनवर, दाबाखालची हवा आणि पाणी एकत्र फवारून बर्फ करायची युक्ती पहिल्यांदा वापरात आली. तापमान नुसतं शून्याच्या खाली असून भागत नाही, हवेतला ओलावाही मोजावा लागतो. हवा जितकी कोरडी तितकं काम सोपं. रात्रभर त्या बर्फ फवारणाऱ्या तोफा घरघरत असतात, पहाटे यंत्रं फिरून उतार सपाट करतात. सकाळी सर्वांत आधी पोचलास तर बारीक रेघांचा, कुणाचंही पाऊल न उमटलेला उतार मिळतो. त्या पहिल्या फेरीसाठी मी आनंदाने साडेपाचला उठतो.

या डोंगरावर माझा जीव जडलाय त्याला आणखी एक कारण आहे. जमीन सरकारची, राखीव वनाची आहे. १९३० च्या दशकातल्या मंदीत सिव्हिलियन कॉन्झर्व्हेशन कोअर या सरकारी रोजगार योजनेत भरती झालेल्या बेरोजगार तरुणांनी झाडं तोडून इथल्या पहिल्या स्कीच्या वाटा काढल्या. १९६९ पासून एकच कुटुंब स्कीचा कारभार भाडेपट्ट्याने चालवतं. कधीच कुऱ्हाड न लागलेलं जुनं जंगलही याच डोंगरावर आहे. संध्याकाळी दिवे लागतात, शाळेच्या बसमधून पोरं उतरतात, ऑफिस सुटलेली माणसं गाडीतच बूट बदलतात. न्यू इंग्लंडमध्ये असे शेकडो लहान डोंगर होते, ते एकेक करून बंद पडले. जे उरलेत त्यांच्याकडे आपण जात राहिलो पाहिजे, असं मला मनापासून वाटतं. इथे आल्यावर पहिले काही हिवाळे आम्ही खिडकीआड काढले, हीटर लावून, मार्चची वाट बघत. या डोंगराने आम्हाला हिवाळ्यात घराबाहेर काढलं.

वहिनींना भीती वाटतेय म्हणालास, तर त्यांना एवढं सांग: इथला मुख्य नियमच असा आहे की पुढच्याचा, म्हणजे खालच्याचा हक्क पहिला. वरून येणाऱ्याने त्याला जपून बाजूने जायचं. तिथल्या पाट्यांवर लिहिलेलं असतं, आणि माणसं पाळतातही. पाठीवर क्रॉस असलेल्या जॅकेटातली स्की पट्रोलची, म्हणजे उतारावर गस्त घालणाऱ्या मदत-पथकाची, मंडळी सतत फिरत असतात.

सामान काही विकत घेऊ नकोस, स्की, बूट, बोर्ड, हेल्मेट सगळं भाड्याने मिळतं. सुती मोजे आणि जीन्स मात्र अजिबात आणू नकोस. ओले झाले की पाय गारठतात आणि पोरं रडतात. लोकरीचे मोजे, आत थर्मल, वर वॉटरप्रूफ पॅंट. हातमोज्यांचे दोन जोड. गॉगल आमच्याकडे जास्तीचे आहेत. ही मेथीचे पराठे करणार आहे, डबा गाडीत ठेवू.

फेब्रुवारीतला प्रेसिडेंट्स डेचा आठवडा तेवढा टाळ, तेव्हा इथल्या शाळांना सुट्टी असते आणि लिफ्टला लांबलचक रांगा लागतात. जानेवारीतला दुसरा किंवा तिसरा शनिवार-रविवार बघ. पोरांची उंची, वजन आणि बुटांचे नंबर लगेच कळव, म्हणजे लेसन आणि सामान दोन्ही आजच नोंदवून टाकतो. शुक्रवारी रात्रीच निघून ये. वरच्या खोलीत तुमच्या गाद्या घातलेल्या असतील.

तुझाच,
जुना मित्र